सही जुळत नाही

बँकेच्या काउंटरपलीकडच्या मुलीने माझा चेक माझ्याकडे परत सरकवला आणि मोठ्या मायेने म्हणाली, "काका, तुमची सही जुळत नाही."

"कोणाशी?" मी विचारले.

"तुमच्याशी."

काउंटरवर उभ्याउभ्या एवढे तत्त्वज्ञान ऐकण्याची मला सवय नाही. आपल्या संतांनी हीच गोष्ट सांगायला शेकडो अभंग खर्ची घातले आणि या मुलीने ती एका शब्दात आटोपली. वर पुरावा म्हणून तिने संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. त्यावर माझी १९७२ सालची सही होती. काय सही होती ती! सुरुवातीला एक भरदार वेलांटी, मध्ये एक उड्डाण, आणि शेवटी खालून मागे येणारी रेघ व तिच्याखाली दोन टिंबे. नुकतीच नोकरी लागलेल्या आणि लग्न ठरलेल्या माणसाची सही होती ती. आज माझे वय अठ्ठ्याहत्तरीला टेकले आहे आणि माझी सही म्हणजे हृदयाच्या आलेखाचा, डॉक्टर ज्याकडे पाहून "हं" म्हणतात, तो भाग.

"अहो, पण मी प्रत्यक्ष समोर उभा आहे ना?" मी म्हटले.

"तुम्ही आहात हो काका, पण सही नाहीये ना!"

शेवटी असे ठरले, की तशी जुनी सही असलेला एखादा कागद घरात सापडला तर घेऊन यायचा, ती साहेबांना दाखवून बघेल. नाहीतर नवा फॉर्म, दोन फोटो वगैरे आहेच.

घरी येऊन मी माळ्यावरची पत्र्याची ट्रंक काढली. (काढली म्हणजे, सौ.ने स्टूल धरले आणि शेजारच्या मुलाने काढली.) ट्रंकेत आमच्या लग्नाची पत्रिका निघाली, रद्द झालेली तीन रेशनकार्डे निघाली, १९७५ सालची विजेची बिले निघाली, आणि तळाशी अण्णांचे एक आंतर्देशीय पत्र निघाले. अण्णा म्हणजे माझे वडील. ते पत्र वाचले आणि चेक, बँक, सगळे बाजूला राहिले. कारण त्या पत्राचा विषयसुद्धा सहीच होता.

पण ते पत्र नीट कळायला आधी दुसऱ्या एका पत्राची गोष्ट सांगायला हवी. ती गोष्ट अण्णांच्या तोंडून मी इतक्यांदा ऐकली होती, की लहानपणी मला ते पत्र आमच्याच घरी आले होते असे वाटे.

ते पत्र अमेरिकेतल्या हेन्री फोर्डने महात्मा गांधींना लिहिले होते.

आता तुम्ही म्हणाल, मोटारवाल्याचा आणि चरखेवाल्याचा काय संबंध? माझाही पहिला प्रश्न हाच होता. उत्तरादाखल अण्णा चष्मा पुसायला घेत. ते मास्तर होते. चष्मा पुसायला घेतला, की तास सुरू झाला असे समजायचे.

हेन्री फोर्ड १८६३ साली मिशिगनमधल्या एका शेतकऱ्याच्या घरी जन्मला. शेतीत मन नाही, यंत्रे खोलून पाहण्यात मात्र हात वाकबगार. १९०३ साली त्याने कंपनी काढली आणि १९०८ साली 'मॉडेल टी' नावाची गाडी बाजारात आणली. किंमत ८५० डॉलर. तोवर मोटार म्हणजे श्रीमंतांचे खेळणे. फोर्डने ठरवले, की ही वस्तू सामान्य माणसाच्या दारात उभी राहिली पाहिजे. १९१३ साली त्याने कारखान्यात सरकत्या पट्ट्याची व्यवस्था सुरू केली. माणसाने गाडीकडे जायचे नाही, गाडीने माणसापुढून जायचे. एकाने नुसता बोल्ट घालायचा, दुसऱ्याने नुसता पिळायचा. गाडीचा सांगाडा जोडायला पूर्वी साडेबारा तास लागत, ते काम ९३ मिनिटांवर आले. (आमच्या घरी लग्नाच्या पंगतीत वाढण्याची हीच पद्धत होती. एकाने नुसते मीठ, दुसऱ्याने नुसते लिंबू. पण आमच्यातल्या कोणाला त्यातून कारखाना सुचला नाही.) गाडीची किंमत पुढे तीनशे डॉलरच्या आत उतरली. १९१४ साली त्याने मजुरांना दिवसाला ५ डॉलर द्यायला सुरुवात केली, तेव्हा इतर कारखानदारांना वाटले, हा बुडणार. तो बुडाला नाही. १९२७ साली मॉडेल टी बंद झाली तोपर्यंत दीड कोटी गाड्या रस्त्यावर धावल्या होत्या.

असा हा माणूस. शाळा जेमतेम. इतिहास म्हणजे बराचसा थोतांड आहे, असे त्याने १९१६ साली एका मुलाखतीत सांगून टाकले. शिकागोच्या एका मोठ्या वृत्तपत्राने त्याला अराजकवादी म्हटले म्हणून त्याने दहा लाख डॉलरची फिर्याद लावली. १९१९ साली खटला उभा राहिला, तेव्हा विरुद्ध बाजूच्या वकिलाने भर कोर्टात त्याची इतिहासाची तोंडी परीक्षाच घेतली. अमेरिकेची क्रांती कधी झाली? फोर्डसाहेब म्हणाले, १८१२ साली. त्याला वाचायला कागद दिला, तर चष्मा घरी राहिला. हे सांगताना अण्णांचा चेहरा फुलत असे. मागच्या बाकावरचा मुलगा जगात कुठेही गेला तरी ओळखू येतो, असे ते म्हणत. ज्यूरीने निकाल फोर्डच्या बाजूने दिला आणि भरपाई दिली सहा सेंट! आणि इतिहासाला थोतांड म्हणणाऱ्या याच माणसाने पुढे डिअरबर्न गावी मोठे थोरले संग्रहालय उभारले. १९२९ साली त्याचे उद्घाटन झाले.

युद्धाचा मात्र त्याला मनापासून तिटकारा. १९१५ साली, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, त्याने एक अख्खे जहाज भाड्याने घेतले, त्यात शांततावादी माणसे भरली आणि युरोपातले युद्ध थांबवायला निघाला. निरोपाला बंदरावर गर्दी झाली. कोणी वात्रटाने खारींचा पिंजरा भेट म्हणून चढवला. फोर्डसाहेब नॉर्वेला पोचले, आजारी पडले आणि परत आले. युद्ध आणखी तीन वर्षे चालले. लोक पोट धरधरून हसले. अण्णा हसत नसत. ते म्हणत, "हसणारे घरी बसले होते. हा निदान बोटीत बसला."

तर असा हा फोर्ड. अठ्ठ्याहत्तरावा वाढदिवस पाच दिवसांवर आलेला असताना, २५ जुलै १९४१ रोजी त्याने गांधीजींना चार ओळींचे पत्र लिहिले. टी. ए. रामन नावाचे एक भारतीय पत्रकार डिअरबर्नला आले होते, ते परत जाणार होते, त्यांच्या हाती दिले. पत्रात मागणे नाही, सल्ला नाही, कारखान्याची जाहिरात नाही. रामन भारतात जात आहेत, त्या निमित्ताने तुमच्या जीवनाबद्दल आणि संदेशाबद्दल मला किती आदर वाटतो ते कळवतो, तुम्ही जगातल्या सर्वांत थोर माणसांपैकी एक आहात, देव तुमच्या कार्याला साहाय्य करो, एवढाच मजकूर. खाली सही.

आपल्याकडे एवढे साधे पत्र कोणी लिहीत नाही. आपण स्तुतीचे पत्र लिहिले, की पत्ता वाचायच्या आधीच माणूस विचारतो, "याचे काय काम असेल?"

पत्र कुठे पोचायचे? वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला. इथे अण्णा थांबत आणि टपालखात्याचा इतिहास सांगत. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले, तेव्हा त्या गावाचे नाव होते सेगाव. आणि नागपूर-भुसावळ लोहमार्गावरच आपल्या गजानन महाराजांचे शेगाव. व्हायचे तेच झाले. सेगावची टपाले शेगावला जाऊ लागली. व्हाइसरॉयची पत्रे शेगावला आणि अंगाऱ्याची पाकिटे सेगावला, असे आपण समजू या. शेवटी १९४० साली गावाचे नावच बदलून सेवाग्राम केले. "फोर्डने पत्र लिहायला उशीर केला ते बरे केले," अण्णा म्हणत, "नाहीतर महाराजांच्या संस्थानातून त्याला प्रसाद गेला असता."

रामन पत्र घेऊन सेवाग्रामला पोचले तो दिवस होता ८ डिसेंबर १९४१. आदल्याच दिवशी जपान्यांनी पर्ल हार्बरवर बाँब टाकले होते. म्हणजे युद्धाचा तिटकारा करणाऱ्या माणसाचे पत्र अहिंसेच्या माणसाला मिळाले, त्या दिवशी पत्र लिहिणाऱ्याचा देश युद्धात उतरला. टपालाची वेळ कधी चुकत नाही ती अशी. शिवाय, पत्र लिहिले तेव्हाच विलो रन येथे फोर्डच्या बाँबफेकी विमानांच्या कारखान्याचे बांधकाम सुरू झाले होते. १९४४ साली तिथून तासाला एक या वेगाने विमाने बाहेर पडू लागली. तोच सरकता पट्टा. एकाने बोल्ट घालायचा, दुसऱ्याने पिळायचा.

गांधीजींनी उत्तरादाखल काय पाठवले? चरखा! तोही सही केलेला. एक सही हिंदीत, एक इंग्रजीत. इथे मध्यमवर्गीय वाचकांनी क्षणभर थांबावे, कारण बापू सही फुकट देत नसत. हरिजन निधीसाठी एका सहीचे पाच रुपये घेत. मोठमोठ्या बॅरिस्टरांनी पैसे मोजून सह्या घेतल्या. फोर्डला दोन सह्या आणि खाली एक चरखा, सगळे मिळून मोफत. चरखा पाणबुड्यांनी भरलेल्या समुद्रातून बारा हजार मैलांचा प्रवास करून अमेरिकेला गेला आणि १९४२ साली रामन यांनी तो फोर्डच्या हाती दिला. जगातल्या सर्वांत मोठ्या यंत्रवाल्याने सर्वांत लहान यंत्र घेतले आणि आपल्या संग्रहालयात ठेवले.

वर्ग संपला असे वाटले, की अण्णा हळूच शेवटचे पान काढत. "लोक म्हणतात हे दोघे एकमेकांच्या उलट. अरे, उलट कुठे? दोघांनाही एकच हवे होते. घरोघरी एक चाक!"

आणि ते खरे होते. गांधीजींचा सगळ्या यंत्रांवर राग नव्हता. सिंगरच्या शिवणयंत्राचे त्यांनी कौतुकच केले होते. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. अट अशी, की किंमत दीडशे रुपयांच्या वर नको, टिकला पाहिजे वीस वर्षे, आणि तो खेड्यातल्या बाईला झेपला पाहिजे. आपल्या किर्लोस्करवाडीतूनही एक चरखा त्यासाठी तयार झाला होता. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. पण ती अट नीट वाचा. स्वस्त, टिकाऊ, चालवायला सोपे आणि सगळ्यांना परवडणारे. हीच अट फोर्डने मॉडेल टीला लावली होती. फरक एवढाच, की त्याच्या चाकाने माणूस घरापासून लांब जात होता आणि यांच्या चाकाने घरी बसत होता.

त्या काळात वर्ध्याहून सेवाग्रामला पाहुणे न्यायला एक वाहन होते म्हणतात. जुनी फोर्ड गाडी, इंजिन काढलेले, पुढे दोन बैल जुंपलेले. इंग्रजीत बैलाला ऑक्स म्हणतात, म्हणून त्या वाहनाचे नाव ऑक्स-फोर्ड! अण्णा तेव्हा बावीस वर्षांचे होते आणि वर्ध्यालाच शिकत होते. त्यांना त्यात एकदा बसायला मिळाले होते. पुढे आयुष्यभर, कोणी परदेशी शिक्षणाच्या फुशारक्या मारू लागला, की अण्णा शांतपणे म्हणत, "मीही ऑक्सफर्डमध्ये बसलो आहे."

इथवर गोष्ट छान आहे. पण अण्णा मास्तर होते आणि चांगले मास्तर गोष्ट छान झाली तिथे थांबत नाहीत.

फोर्डच्या मालकीचे 'डिअरबर्न इंडिपेंडंट' नावाचे साप्ताहिक होते. १९२० पासून त्यात ज्यू लोकांविरुद्ध विखारी लेखमाला चालली. तिची पुस्तके निघाली, जर्मन भाषेत गेली. हिटलरने आपल्या आत्मचरित्रात फोर्डचे नाव कौतुकाने घेतले आणि १९३८ साली, फोर्डच्या पंचाहत्तरीला, नाझी सरकारने त्याला मानाचे पदक दिले. त्याने ते घेतले. शेतकऱ्यांच्या सहकारी संस्था उभ्या करणाऱ्या ॲरन सॅपिरो या ज्यू वकिलाने त्या साप्ताहिकाबद्दल त्याच्यावर फिर्याद लावली, तेव्हा साक्षीला उभे राहायची वेळ आली. पुन्हा तोंडी परीक्षा! त्यापेक्षा माफी बरी, असे ठरले. जुलै १९२७ मध्ये हेन्री फोर्डच्या सहीचे माफीपत्र जगभर छापून आले.

त्या माफीपत्राचा मजकूर लुई मार्शल या ज्यू पुढाऱ्याने लिहून दिला होता. म्हणजे ज्याची माफी मागायची त्यानेच मसुदा केला. मार्शलला वाटले, फोर्डची माणसे यात काटछाट करतील. एक शब्दही कोणी बदलला नाही. कारण फोर्डने ते नीट वाचलेच नाही. आणि सही? कारखान्यातल्या मजुरांना धाकात ठेवण्यासाठी हॅरी बेनेट नावाचा एक माजी खलाशी आणि मुष्टियोद्धा फोर्डने नेमला होता. साहेबांची सही करण्यात त्याचा हात बसलेला. माफीपत्रावर ती त्यानेच ठोकून दिली, आणि पुढे आपल्या आठवणींत ते सांगूनही टाकले.

मजकूर एकाचा, सही दुसऱ्याची, नाव तिसऱ्याचे. जगातले पहिले माफीपत्र, जे सरकत्या पट्ट्यावर तयार झाले!

एवढेच काय, फोर्डच्या गाडीवर जे वळणदार नाव असते, ज्याला आपण त्याची सही समजतो, तीही त्याची नाही. चाइल्ड हॅरॉल्ड विल्स नावाच्या त्याच्या अभियंत्याने ते अक्षर बसवून दिले होते. माझ्या मनात नेहमी येते, फोर्ड जर आमच्या बँकेत गेला असता, तर त्या मुलीने त्यालाही तेच सांगितले असते. "काका, तुमची सही तुमच्याशी जुळत नाही." आणि ते अक्षरशः खरे ठरले असते. युद्ध थांबवायला बोट घेऊन जाणारा तोच, विमानांचा कारखाना काढणारा तोच. द्वेष छापणारा तोच आणि गांधींपुढे नमणारा तोच. आता यातली खरी सही कोणती?

अण्णांना मी एकदा हे विचारले होते. ते म्हणाले, "दोन्ही खऱ्या. म्हणून तर कठीण."

आता ट्रंकेतल्या पत्राकडे येतो. इतका वेळ लांबवले, कारण या गोष्टीत मी नायक नाही.

१९७८ साली मी गाडी घेतली. जुनी. कंपनीचे नाव सांगत नाही, कारण कंपनीचा काही दोष नव्हता. माझ्याआधी तिला चार मालक होऊन गेले होते. गाडी ठेवायला जागा म्हणून नागपूरच्या आमच्या घरामागची टिनाची शेड रिकामी करायची ठरवली. शेडमध्ये काय होते? मोडकी खाट, फुटक्या कुंड्या, सायकलचे हाडूक आणि अण्णांचा चरखा. चाती वाकलेली, माळ तुटलेली. अण्णा अलीकडे टकळीवरच कातीत, चरख्याला वर्षभर हात लागला नव्हता. दिवाळीच्या आवराआवरीत कबाडी दारावर आला. मी सगळे त्याला देऊन टाकले. चरख्याचे त्याने अडीच रुपये दिले. मी घासाघीस करून पावणेतीन घेतले, हे आज सांगताना हात थांबतो.

तो चरखा अण्णांनी १९४२ साली घेतला होता. चळवळीत ते पकडले गेले, तेव्हा आजीने तो धान्याच्या कणगीत लपवला होता. हे मला माहीत नव्हते असे मी म्हणू शकत नाही. हजार वेळा ऐकले होते. फक्त त्या दिवशी आठवले नाही. त्या दिवशी गाडीची लांबी आणि शेडची लांबी एवढेच डोक्यात होते.

अण्णा काही बोलले नाहीत. गांधीवाद्यांशी भांडण्यात हीच तर अडचण असते, की भांडण आपल्याला एकट्यालाच करावे लागते. मीच बोललो. "अहो, मोडका होता," म्हणालो. "नवा आणून देतो," म्हणालो. शेवटी, कहर म्हणजे, "फोर्डनेही संग्रहालयातच ठेवला ना? तो काय कातत बसला?" असेही म्हणालो. अण्णांनी पिशवीत दोन धोतरे आणि टकळी घातली आणि चार दिवसांसाठी म्हणून ते आक्काकडे अमरावतीला गेले. चार दिवसांचे तीन महिने झाले.

मी रोज कबाड्याच्या अड्ड्यावर चकरा मारल्या. लाकूड चुलीत गेले होते, लोखंड कुठे गेले ते त्यालाही ठाऊक नव्हते.

मग मी माफीचे पत्र लिहायला बसलो. सात वेळा लिहिले. पहिल्या ओळीत "मला क्षमा करा" येई, दुसरीत "परंतु" येई आणि तिसऱ्या ओळीपासून गाडी किती गरजेची होती ते सुरू होई. सातवा कागद फाडल्यावर सौ. म्हणाली, "द्या इकडे." तिने दहा मिनिटांत पत्र लिहिले. त्यात "परंतु" हा शब्द नव्हता. मी वरवर वाचले आणि खाली सही ठोकली. तीच ती. वेलांटी, उड्डाण, मागे येणारी रेघ आणि दोन टिंबे.

आठ दिवसांनी अण्णांचे उत्तर आले. ते हे आंतर्देशीय. पूर्ण देतो, कारण ते फोर्डच्या पत्राएवढेच आहे.

"चि. बाळास अनेक आशीर्वाद. पत्र पोचले. चि. सौ. सुमनने फार चांगले लिहिले आहे, तसे तिला सांग. तिचे अक्षर मी ओळखतो हे तुम्ही दोघेही विसरलात. सही मात्र तुझी आहे. फोर्डसाहेबाला तेवढेही जमले नव्हते. शुक्रवारी सकाळच्या एस.टी.ने येतो. गाडी घेऊन स्टँडवर आलास तरी चालेल."

आणि खाली सही. मास्तरांची, सुवाच्य, शिरोरेघेसकट.

शुक्रवारी मी गाडी घेऊन गेलो. अण्णा आत बसले, पिशवी मांडीवर घेतली, आणि गाडी बंद पडली. मी आणि स्टँडवरचा एक हमाल, दोघे मागून ढकलू लागलो. शंभर पावले गेल्यावर अण्णांनी खिडकीतून डोके बाहेर काढले आणि म्हणाले, "बरोबर आहे. ऑक्सफर्डला दोनच लागायचे."

त्यानंतर घरात चरख्याचा विषय निघाला नाही. अण्णा १९९१ साली गेले. माझ्या स्वतःच्या शब्दांत मी त्यांची माफी कधीच मागितली नाही. मागायचे राहून गेले असे म्हणतो, पण तेरा वर्षे हाताशी होती. "परंतु" आडवे येत राहिले. गांधीजींचा चरखा फोर्डने सांभाळून ठेवला. इतिहासाचा गंध नसलेला नव्हे, चांगला पदवीधर असलेला मी, घरातला चरखा पावणेतीन रुपयांना विकून बसलो. आता इतिहासाला थोतांड कोणी म्हटले, हे तुम्हीच ठरवा.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा बँकेत गेलो. जुन्या सहीचा कागद मिळाला नव्हता. तो कागद अण्णांकडे गेला होता, आणि अण्णांनी तो जपला असला तर कुठे जपला, ते विचारायची आता सोय नाही. त्या मुलीने नवा फॉर्म दिला. "काका, तीन चौकोनांत तीन सह्या करा. सावकाश करा. तिन्ही सारख्या यायला हव्यात."

मी सावकाश केल्या. पहिली जरा अण्णांसारखी आली. दुसरी हृदयाच्या आलेखासारखी. तिसरीत कुठून कोण जाणे, ती जुनी वेलांटी उगवली. मुलगी बराच वेळ बघत राहिली. मग तिन्हींवर शिक्का मारून म्हणाली, "असू दे. तिन्ही तुमच्याच आहेत ना?"

"दोन्ही खऱ्या" म्हणणारे अण्णा मला आठवले. मी म्हटले, "हो. म्हणून तर कठीण."

हा लेख लिहून झाल्यावर सौ.ला वाचायला दिला. तिने सतरा ठिकाणी ऱ्हस्वदीर्घ सुधारले, दोन "परंतु" खोडले आणि विचारले, "या वेळी तरी सगळे तुमचे तुम्हीच लिहिले आहे ना?"

हो. मजकूर माझा आहे, चूक माझी आहे आणि खाली सहीही माझीच आहे. जुळवून घ्यावी.